नकार देणारा वैदू

पेरूच्या ईशान्येला, ॲमेझॉनच्या काठी इकितोस नावाचे शहर आहे. वस्ती काही लाखांची. पण देशाच्या उर्वरित भागाशी या शहराला जोडणारा रस्ता आजही नाही. जायचे तर विमानाने, नाहीतर नदीतून बोटीने. तरीही गेल्या काही दशकांत अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातून तिथे येणाऱ्या पाहुण्यांचा ओघ वाढला आहे. त्यातल्या अनेकांना ना नदीत रस असतो ना अरण्यात. ते येतात एका तपकिरी, कडूजहर काढ्यासाठी. शहराबाहेरच्या जंगलात त्यासाठी निवासी शिबिरे चालतात. त्यांना ‘रिट्रीट’ म्हणतात. रात्री पानांनी शाकारलेल्या मोठ्या गोल झोपडीत गाद्या मांडल्या जातात आणि प्रत्येक गादीशेजारी एक बादली ठेवली जाते. वैदू पेल्यात काढा ओततो, दिवे मालवले जातात आणि अंधारात त्याचे गाणे सुरू होते. अर्ध्यापाऊण तासाने कोणाची तरी पहिली उलटी ऐकू येते. पुढचे चार-पाच तास मिटल्या डोळ्यांपुढे रंग, आकृत्या, गेलेली माणसे आणि विसरलेले प्रसंग येत राहतात. या काढ्याचे नाव आयाहुआस्का. केचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे मृतात्मा आणि ‘वास्का’ म्हणजे वेल किंवा दोर.

या शिबिरांची टिंगल करणे सोपे आहे आणि त्यांची आरती ओवाळणे त्याहून सोपे. दोन्हींत तिथे जाणाऱ्या माणसाचा विचार होत नाही. त्यांच्यात हौशे-नवशे असतात, हे खरेच. पण वर्षानुवर्षे नैराश्याने ग्रासलेले, युद्धावरून परतल्यावर झोप हरवलेले, दारू किंवा अफूजन्य औषधांच्या व्यसनातून सुटू पाहणारे लोकही असतात. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांना औषधे बदलून पाहिली तरी पुरेसा आराम पडत नाही, ही आधुनिक मनोविकारशास्त्राची कबूल केलेली मर्यादा आहे. अशा माणसाला ‘एका रात्रीत दहा वर्षांचे समुपदेशन’ असे आश्वासन मिळाले, तर त्याने समुद्र ओलांडला यात नवल नाही. प्रश्न त्याच्या आशेचा नाही. ती आशा ज्याच्या हाती तो सोपवतो, त्याच्यावर कोणती जबाबदारी आहे, हा आहे.

आधी हा काढा काय करतो ते पाहू. तो मुख्यतः दोन वनस्पतींचा असतो. एक बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही जाड वेल, दुसरी चाक्रुना या झुडपाची पाने. पानांत डीएमटी हे भास घडवणारे रसायन असते. पण नुसती पाने उकळून प्यायली तर फारसे काही होत नाही. कारण आतडे आणि यकृतातले मोनोअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे एमएओ, हे एन्झाइम डीएमटीचा रक्तात पोहोचण्याआधीच निकाल लावते. वेलीतली हार्मिन आणि हार्मलिन ही द्रव्ये नेमक्या याच एन्झाइमला काही तास रोखून धरतात. पहारेकरी बाजूला झाला की डीएमटी मेंदूपर्यंत पोहोचते. हजारो वनस्पतींच्या अरण्यात ही जोडी कशी हुडकली गेली असेल, याचे कोडे वनस्पतिशास्त्रज्ञांना अजून पुरते उलगडलेले नाही. ते कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय साधले, एवढे मात्र नक्की.

विज्ञानाला या वेलीची ओळख तशी उशिरा झाली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी १८५२ मध्ये ब्राझीलमधील वाउपेस नदीच्या परिसरात आदिवासींना ती वापरताना पाहिले आणि तिचे नमुने गोळा केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढले गेले, तेव्हा त्याला चक्क ‘टेलिपॅथिन’ असे नाव मिळाले. काढा पिणाऱ्याला दुसऱ्याच्या मनातले कळते, असा समज त्यामागे होता. पुढे ध्यानात आले की, हे द्रव्य नवे नाहीच. ते हरमलच्या बियांत सापडणारे, रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेले हार्मिन होते. अद्भुत नावाखाली ओळखीचे रसायन निघावे, हा या विषयातला पहिला धडा म्हणायला हरकत नाही.

दुसरा धडा वयाचा. नैर्ऋत्य बोलिव्हियातल्या एका गुहेत सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे चामडी गाठोडे सापडले. त्यात कोल्ह्यांच्या तीन मुस्कटांचे कातडे शिवून केलेला बटवा होता. त्या ऐवजाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकेनबरोबरच हार्मिन आणि डीएमटी यांचे अंशही त्यात आढळले. उत्तर पेरूच्या डोंगरातील चाविन दे वांतार येथे सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या पाषाणशिल्पात एक आकृती हातात सान पेद्रो निवडुंग धरून उभी आहे. या निवडुंगात मेस्कलिन असते. म्हणजे अशा वनस्पतींचा विधींतला वापर जुना आहे, यात शंका नाही. मात्र आज प्याल्यात मिळतो तोच काढा किती जुना, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे वाक्य जाहिरातीत शोभते. पुराव्यात ते बसत नाही.

शिबिरांत हे सारे एकत्र कालवलेले दिसते. आयाहुआस्का ही सखल अरण्यातली. सान पेद्रो ही अँडीज आणि उत्तर पेरूच्या किनाऱ्यावरच्या वैदूंची. त्यांचा विधीही वेगळा. ते जमिनीवर शंख, काठ्या, मूर्ती यांचा पट मांडून रात्रभर रोगाचे निदान करत. आज कुस्कोजवळच्या खोऱ्यात एकाच आठवड्याच्या कार्यक्रमात दोन्ही मिळतात. कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेने आधीच धाप लागलेल्या, काल-परवा विमानातून उतरलेल्या पाहुण्याला तिथे नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवणारा काढा पाजला जातो. अरण्यातल्या जुन्या वैदूपुढे असा रुग्ण येण्याचा प्रश्नच नव्हता.

जुन्या पद्धतीची जी गोष्ट शिबिरांनी सर्वात सोयीस्करपणे बाजूला ठेवली, ती वेगळीच आहे. ॲमेझॉनमधील अनेक समाजांत काढा प्यायचा तो वैदूने. रुग्ण बहुधा पीत नसे. आजाराचे कारण ‘पाहण्यासाठी’ वैदू तो घेई, मग गाणी म्हणे, तंबाखूचा धूर देई, झाडपाल्याचे औषध सांगे. या गाण्यांना ‘इकारो’ म्हणतात. उकायाली नदीकाठच्या शिपिबो समाजात वैदू होण्यासाठी दीर्घ पथ्य पाळावे लागते. मीठ, साखर, डुकराचे मांस वर्ज्य, शरीरसंबंध वर्ज्य, महिनोन्‌महिने एकांत, आणि एका वेळी एकाच वनस्पतीचा अभ्यास. असे करत वर्षे जातात. शिवाय वैदू त्याच गावात राहतो. उपचार फसला तर रुग्णाचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे असतात. या जगाला गुलाबी रंग द्यायचे कारण नाही. तिथे करणी-चेटकाचे आरोप होत, त्यातून वैरे होत आणि खूनही पडत. पण त्या व्यवस्थेत एक लगाम होता. कोणाला काय द्यायचे, किती द्यायचे आणि कोणाला अजिबात द्यायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार वैदूकडे होता आणि त्या निर्णयाचे परिणामही त्यालाच भोगावे लागत.

शिबिरात हे नाते उलटे होते. रुग्ण आता ग्राहक आहे. त्याने डॉलरमध्ये पैसे आधीच भरलेले असतात, परतीचे तिकीट काढलेले असते आणि त्याला काढा प्यायचाच असतो. वीस गाद्या मांडल्या की वीस पेले भरले जातात. ‘तुमच्यासाठी हे नाही’ असे म्हणणाऱ्या मालकाचा धंदा बुडतो. सगळा धोका इथून सुरू होतो.

हे रसायनाच्या भाषेत समजून घ्यायला हवे. नैराश्यावर सर्वाधिक वापरली जाणारी औषधे मेंदूतील सेरोटोनिनची पातळी वाढवतात. त्याच वेळी एमएओ एन्झाइम रोखले गेले तर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीपर्यंत साठू शकते. ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा, गोंधळलेले मन आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यू, असा तो प्रकार. म्हणजे ज्याला या काढ्याची सर्वाधिक ओढ असते, त्या नैराश्याच्या रुग्णालाच तो सर्वाधिक घातक ठरू शकतो. त्यावर शिबिरांचा सोपा उपाय असा की, येण्यापूर्वी दोन आठवडे गोळ्या बंद करा. पण फ्लुऑक्झेटिनसारख्या औषधाचा अंश शरीरात कित्येक आठवडे राहतो. ते थांबवल्यावर एमएओ रोखणारे औषध सुरू करण्यापूर्वी किमान पाच आठवडे जाऊ द्यावेत, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. आणि डॉक्टरांना न सांगता गोळ्या बंद केल्या तर नैराश्य उसळून येते, आत्महत्येचे विचार परततात. तो माणूस त्या वेळी घरापासून हजारो किलोमीटरवर, भाषा न कळणाऱ्या देशात, रुग्णालयापासून बोटीने काही तासांच्या अंतरावर असतो.

ज्याला किंवा ज्याच्या कुटुंबात स्किझोफ्रेनिया वा बायपोलर विकार आहे, त्याच्यात हा काढा उन्माद किंवा भ्रमाचा झटका जागवू शकतो. हृदयविकार आणि अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनाही तो वर्ज्य आहे. काही ठिकाणी भास अधिक गडद व्हावेत म्हणून काढ्यात ‘तोए’ या झाडाची पाने मिसळली जातात. हे झाड महाराष्ट्रातल्या धोतऱ्याच्या कुळातले असून त्यात धोतऱ्यासारखीच विषारी द्रव्ये असतात. धोतरा पोटात गेल्यावर माणसाची काय अवस्था होते, हे गावाकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. अंधार, नशा आणि ‘गुरू’वरची अंधश्रद्धा यांच्या आडून स्त्रियांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारीही वारंवार पुढे आल्या आहेत. पेरूतील अमेरिकी दूतावासाने आपल्या नागरिकांना या काढ्यापासून दूर राहण्याचा इशारा दिला आहे, तो उगाच नाही.

मग या काढ्यात औषध म्हणून काहीच नाही का? आहे, असे मानायला आधार आहे. ब्राझीलच्या नाताल शहरातील संशोधकांनी औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. १४ जणांना काढ्याची एकच मात्रा दिली, १५ जणांना तसेच तपकिरी, कडवट आणि मळमळ आणणारे, पण निष्क्रिय द्रव. सात दिवसांनी काढा घेतलेल्यांपैकी नऊ जणांची, तर निष्क्रिय द्रव घेतलेल्यांपैकी चार जणांची लक्षणे निम्म्याने वा त्याहून कमी झाली होती. आकडे छोटे आहेत. फरक एका आठवड्यानंतरचा आहे. भास सुरू झाले की आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्णाला कळतेच, त्यामुळे तुलनाही निर्दोष राहत नाही. तरीही, गंभीर रुग्णांत इतक्या लवकर दिसलेला फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मात्र या चाचणीतला आणखी एक आकडा शिबिरांच्या जाहिरातींत कधी दिसत नाही. संशोधकांनी २१८ रुग्ण तपासले होते आणि त्यातले फक्त ३५ निकषांत बसले. बाकीच्यांना ‘नाही’ असे सांगण्यात आले. जे निवडले गेले त्यांना रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, वजनानुसार मोजलेली मात्रा मिळाली आणि नंतरही त्यांची विचारपूस झाली. जुन्या वैदूने आणि आधुनिक संशोधकाने एकमेकांना कधी पाहिलेले नसेल. पण दोघेही एकाच शिस्तीचे पाईक आहेत. आधी माणूस पारखायचा, मग औषध द्यायचे. या दोघांच्या मधल्या शिबिराने दोघांकडूनही उसनी प्रतिष्ठा घेतली. एकाकडून पिसांचा मुकुट, दुसऱ्याकडून संशोधनाचे आलेख. शिस्त मात्र कोणाचीच घेतली नाही.

अर्थात सगळीच शिबिरे अशी नाहीत. काही ठिकाणी येणाऱ्याची वैद्यकीय माहिती बारकाईने तपासली जाते आणि परत गेल्यानंतरही संपर्क ठेवला जातो. पन्नासहून अधिक देशांतल्या १० हजार ८३६ वापरकर्त्यांच्या एका जागतिक पाहणीत वैद्यकीय मदत घ्यावी लागलेल्यांचे प्रमाण २.३ टक्के होते. पण त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी पुढचे काही आठवडे वा महिने मानसिक त्रास जाणवल्याचे सांगितले. त्यातल्या बहुतेकांनी तो ‘वाढीचा भाग’ मानला, तर सुमारे १२ टक्क्यांना तज्ज्ञांची मदत घ्यावी लागली. शिवाय अशा पाहणीत उत्तर देतात ते स्वेच्छेने पुढे आलेले लोक. जो कोलमडला, तो प्रश्नावली भरायला बसत नाही.

या व्यापाराची दुसरी किंमत अरण्यातल्या माणसांनी मोजली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने या वेलीच्या एका वाणाचे पेटंट एका अमेरिकी व्यक्तीला देऊन टाकले. ॲमेझॉन खोऱ्यातील आदिवासी संघटनांच्या ‘कोइका’ या महासंघाने त्याला आव्हान दिले. १९९९ मध्ये पेटंट रद्द झाले, २००१ मध्ये ते पुन्हा बहाल झाले आणि २००३ मध्ये मुदत संपून गेले. ही कथा मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले होते आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवले. भारताकडे ती लढाई लढणारी संस्था होती, लिखित ग्रंथ होते. शिपिबो वैदूचा ग्रंथ त्याच्या गाण्यात असतो. तो पेटंट कार्यालयात कसा सादर करायचा?

पेरू सरकारने २००८ मध्ये आयाहुआस्काचे पारंपरिक ज्ञान आणि वापर यांना राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा घोषित केले. त्या घोषणेत हा पारंपरिक वापर आणि संदर्भापासून तोडलेला बाजारू वापर यांत स्पष्ट फरक केला आहे. कागदावरचा तो फरक जमिनीवर उतरला नाही. एप्रिल २०१८ मध्ये उकायाली प्रांतात ओलिविया अरेवालो या ८१ वर्षांच्या नामवंत शिपिबो वैदूबाईंची गोळ्या घालून हत्या झाली. संशयावरून एका कॅनेडियन पाहुण्याला जमावाने ठार मारले. उपचाराच्या शोधात आलेले आणि उपचार देणारे यांच्यातले नाते किती नासू शकते, याचे याहून भीषण उदाहरण नसेल.

भारतीयांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवलेली बरी. पेरूमध्ये हा काढा पिणे कायद्याला मान्य असले, तरी डीएमटी आणि मेस्कलिन ही दोन्ही द्रव्ये भारताच्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहेत. आठवण म्हणून बाटलीभर काढा वा निवडुंगाची भुकटी सामानात घालून मुंबईच्या विमानतळावर उतरणे म्हणजे थेट तुरुंगाची वाट धरणे.

अँडीजच्या डोंगरातील एका झाडाची साल सतराव्या शतकात युरोपात गेली आणि १८२० मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनाइन वेगळे काढले. मराठी घरांत ‘कोयनेल’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेलेले, हिवतापावरचे ते औषध. या सालीचा गुण प्राचीन म्हणून सिद्ध झाला नाही आणि डोंगरी लोकांची म्हणून कोणी ती फेकूनही दिली नाही. ती मोजली गेली, मात्रा ठरली, धोके कळले. आयाहुआस्कालाही या वाटेने जावे लागेल. तिचे काम अधिक अवघड आहे. कारण गुण रसायनात किती आणि गाण्यात, पथ्यात, सोबतीत किती, हे वेगळे करणे सोपे नाही. त्यासाठी चाचण्यांना वेळ द्यावा लागेल आणि ज्यांचे हे ज्ञान आहे त्यांना त्यात वाटा द्यावा लागेल. तोवर पेरू सरकारला एक काम करता येईल. ज्या शिबिरात आरोग्यतपासणी, प्रशिक्षित परिचारिका आणि रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची सोय नाही, त्याला परवाना न देणे.

आणि ज्याचे मन खरोखरच थकले आहे, त्याने? चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत, ही पहिली गोष्ट. एका डॉक्टरच्या औषधाने गुण आला नाही तर दुसऱ्याला विचारणे, औषधाला समुपदेशनाची जोड देणे, केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करणे, हे मार्ग इकितोसपेक्षा खूप जवळ आहेत. त्यानंतरही कोणाला अरण्यातच जायचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी त्याने शिबिराच्या मालकाला एकच प्रश्न विचारावा. गेल्या वर्षभरात किती जणांना तुम्ही काढा देण्यास नकार दिला आणि का? ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्या हातून पेला घेऊ नये.